फ्योर्डमधली पहिली तीन मिनिटं

ऑगस्टच्या सुरुवातीच्या एका शनिवारी, पहाटे चारच्या सुमाराला, नॉर्वेमधल्या आइडफ्योर्ड गावाच्या धक्क्यावरून एक फेरीबोट सुटते. एरवी मोटारी वाहून नेणाऱ्या या बोटीच्या पोटात त्या दिवशी अडीचशेच्या आसपास माणसं असतात. सगळ्यांच्या अंगात काळे रबरी पोशाख, डोक्यावर रंगीत टोप्या. कुणी लोखंडी भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेलं, कुणी उगाच येरझाऱ्या घालणारं. गप्पा जवळपास नाहीत. एका बाजूला जाड पाइपातून फ्योर्डचं पाणी सोडलेलं असतं. माणसं एकेक करून तिथे जातात, तोंडावर पाणी घेतात, वेटसूटचा गळा दोन बोटांनी ओढून धरतात आणि ते गार पाणी छातीवरून, पाठीवरून आत जाऊ देतात. पाण्याचा पहिला लोट लागला की तोंडातून हुंकार निघतो, खांदे कानापर्यंत वर जातात. मग माणूस तिथेच उभा राहून लांब लांब श्वास सोडत राहतो.

पाहणाऱ्याला हा एखादा दीक्षाविधी वाटेल. प्रत्यक्षात ते शुद्ध शरीरशास्त्र आहे, आणि त्याचं कारण पुढे येईलच. गावापासून साधारण चार किलोमीटरवर बोट थांबते, मोटारी चढण्या-उतरण्याचं दार खाली येतं आणि सगळे जण एकापाठोपाठ एक सुमारे चार मीटर उंचीवरून पाण्यात उड्या टाकतात. खाली कयाकींची एक रांग असते, तिथपर्यंत पोहत जाऊन थांबायचं. पाच वाजता बोटीचा भोंगा वाजतो आणि ‘नॉर्सेमन’ सुरू होते.

ही स्पर्धा पॉल होरेक स्ट्रांडेन या नॉर्वेजियन माणसाच्या डोक्यातून निघाली आणि २००३ मध्ये पहिल्यांदा झाली. अंतरं नेहमीच्या आयर्नमॅन ट्रायथलॉनचीच: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटर धावणं. ही अंतरं ठरली १९७८ मध्ये, हवाईतल्या ओआहू बेटावर, नौदल अधिकारी जॉन कॉलिन्स यांच्या कल्पनेतून. तिथे पहिल्या वर्षी १५ जण उतरले आणि १२ जणांनी शर्यत पुरी केली. पण हवाईचा समुद्र कोमट. स्ट्रांडेन यांनी तीच अंतरं उचलून फ्योर्ड, पठार आणि डोंगर यांच्यावर पसरली. सुरुवात एकीकडे, शेवट दुसरीकडे, तोही डोंगराच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून १,८५० मीटरवर. एकूण चढ सुमारे ५ हजार मीटरांचा. बक्षिसाची रक्कम नाही, पदकही नाही. मिळतो तो टी-शर्ट. एवढ्यासाठी दरवर्षी जगभरातून हजारो अर्ज येतात आणि जागा बहुतांशी सोडतीने भरतात.

नॉर्सेमनबद्दल जे काही बोललं जातं त्यात डोंगराचाच गवगवा जास्त. ते स्वाभाविक आहे, फोटो तिथलेच चांगले येतात. एकूण २२६ किलोमीटरांत पोहण्याचा वाटा दोन टक्केसुद्धा नाही. तरीही उष्ण मुलखातून तिथे जाणाऱ्या माणसापुरतं बोलायचं तर माझं मत वेगळं आहे. त्याची शर्यत पाण्यात पडल्यानंतरच्या पहिल्या तीन मिनिटांत आणि पाण्याबाहेर आल्यानंतरच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत ठरते. उरलेलं सगळं मेहनतीचं काम, आणि मेहनत काय, ती घरी बसूनही करता येते.

आधी पाण्याचं बघू. हार्डांगर फ्योर्डच्या या आतल्या फाट्यात ऑगस्टमध्ये पाणी साधारण १३ ते १५ अंश सेल्सिअस असतं. पण हा आकडा भरवशाचा नाही. फ्योर्ड म्हणजे हिमनद्यांनी खोल कोरलेली आणि समुद्राने भरलेली दरी. उन्हाळ्यात तिच्या पाण्याचा फक्त वरचा थर तापतो. वारा आतून बाहेरच्या दिशेने वाहू लागला की तो वरचा थर बाहेर ढकलला जातो आणि खालचं गार पाणी वर येतं. शिवाय डोंगरावरचं वितळलेलं बर्फ घेऊन नद्या फ्योर्डला मिळतात, आणि पोहण्याचा शेवट अशाच एका नदीच्या मुखाजवळ होतो. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात पाणी आणखी गार लागू शकतं. २०१५ मध्ये डोंगरावर बर्फ उशिरापर्यंत टिकलं होतं. त्या वर्षी पाणी १० अंशांच्या आसपास आलं आणि पोहण्याचं अंतर कमी करावं लागलं.

दहा अंश ऐकायला फार वाईट वाटत नाही. नाशिकला, निफाडला जानेवारीत हवा त्याहून खाली जाते आणि माणसं शाल गुंडाळून चहा पीत कामाला लागतात. पण पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने वाहून नेतं. हवेतली थंडी हळूहळू अंगात शिरते. पाण्यातली थंडी एका क्षणात सगळ्या त्वचेवर एकदम तुटून पडते, आणि शरीर घाबरतं ते या अचानकपणाला.

या विषयावरचं जगातलं महत्त्वाचं काम इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातले प्राध्यापक माइक टिप्टन यांनी केलं आहे. गार पाण्यात पडल्याबरोबर जे होतं त्याला ‘कोल्ड शॉक’ म्हणतात. पहिली गोष्ट म्हणजे एक मोठा, आवरता न येणारा श्वास आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर हवेच्या जागी पाणी आत जातं. त्यानंतर धाप लागते. श्वास इतके भराभर आणि उथळ होतात की एरवी मिनिटभर श्वास रोखणारा माणूस काही सेकंदांवर टिकत नाही. नाडी उसळते, रक्तदाब चढतो. अर्ध्या मिनिटात हे सगळं शिगेला पोचतं आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतं. ‘पाण्यात पडलं की पोहायला येतं’ असं आपण कुणालाही सहज सांगून मोकळे होतो. इथे पोहायला येत असलेल्या माणसाचंही पोहणं पाण्यात पडल्यावर काही काळ जातं.

गार पाण्यात माणसं गारठून मरतात, असा समज आहे. शरीराच्या गाभ्याचं तापमान ३५ अंशांखाली घसरणं म्हणजे हायपोथर्मिया, आणि धडधाकट प्रौढाला अगदी बर्फाळ पाण्यातही त्या अवस्थेला पोचायला अर्धा तास तरी लागतो. बरेच बळी त्याच्या कितीतरी आधी, श्वास आणि हृदय यांच्या गोंधळात जातात. हृदयाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. त्वचेला थंडी लागली की एक यंत्रणा हृदयाला ‘पळ’ म्हणते. चेहरा गार पाण्यात गेला आणि श्वास रोखला गेला की दुसरी, फार जुनी यंत्रणा हृदयाला ‘थांब, सावकाश’ म्हणते. पाणबुडे प्राणी हिच्याच जोरावर पाण्याखाली प्राणवायू वाचवतात. दोन्ही हुकूम एकाच वेळी सुटले तर हृदयाची लय बिघडू शकते. टिप्टन आणि त्यांचे सहकारी मायकेल शॅटॉक यांनी २०१२ मध्ये ही कल्पना सविस्तर मांडली.

ट्रायथलॉनमधल्या मृत्यूंचा हिशेबही पाण्याकडेच बोट दाखवतो. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या स्पर्धांचा एक अभ्यास झाला. अचानक मृत्यू, हृदय बंद पडून वाचलेले आणि अपघाती मृत्यू असे मिळून १३५ जण त्यात सापडले. त्यातल्या ९० जणांवर तो प्रसंग पोहताना ओढवला होता, आणि बहुतेक पुरुष होते, सरासरी वय ४६-४७. या सगळ्याला गार पाणीच कारण होतं असं नाही. गर्दी, घबराट, आधीपासूनचा पण न कळलेला हृदयविकार, हेही होतं. पण चाळिशी ओलांडल्यावर व्यायामाच्या नादाला लागून थेट फ्योर्डची स्वप्नं पाहणाऱ्यांनी (हा वर्ग आपल्याकडेही बराच वाढला आहे) निघण्याआधी हृदयरोगतज्ज्ञाकडून नीट तपासून घ्यावं, एवढं यातून नक्की निघतं.

आता बोटीवरच्या त्या पाइपाचं कारण. थंडीचा धक्का बोटीवरच, पाय टेकलेले असताना, चेहरा पाण्याबाहेर असताना खाऊन घेतला, की मग उडी मारल्यावर बसणारा धक्का तेवढा जोराचा नसतो. श्वास आधीच ताळ्यावर आलेला असतो. वेटसूटच्या आत गेलेलं पाणीही अंगाच्या उष्णतेने तोवर कोमट झालेलं असतं. वेटसूट माणसाला कोरडं ठेवत नाही, आत अडकलेल्या पाण्याची हालचाल फक्त थांबवतो. खरा अडसर असतो तो निओप्रीन रबरात कोंडलेल्या वायूच्या बारीक बुडबुड्यांचा. ट्रायथलॉनच्या नियमांप्रमाणे या रबराची जाडी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, कारण जाड रबर तरंगायला मदत करतं आणि वेगही वाढवतं.

आणि १० अंशांत पूर्ण ३.८ किलोमीटर पोहणं कितपत सुरक्षित? २०१५ च्या प्रसंगानंतर हा प्रश्न आयोजकांपुढे उभा होता. स्पर्धेच्या सुरक्षेचं काम पाहणारे यॉर्गन मेलाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग १२ पुरुष आणि ८ स्त्रिया अशा २० ट्रायथलीटना वेटसूट घालून १० अंशांच्या समुद्रात पोहायला लावलं आणि त्यांच्या शरीराच्या आतलं आणि त्वचेचं तापमान मोजलं. पहिली १०-१५ मिनिटं सगळ्यांचं आतलं तापमान टिकून राहिलं. पहिल्या अर्ध्या तासात कुणाचंही २ अंशांपेक्षा जास्त उतरलं नाही. मात्र पोहायला १३५ मिनिटांहून जास्त वेळ लागला तर जवळपास निम्म्यांचं तापमान २ अंशांपेक्षा जास्त घसरेल, असा हिशेब निघाला. माणसामाणसांतला फरक प्रचंड होता. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे: हळू पोहणाऱ्याला थंडीचा दुहेरी दंड बसतो. तो पाण्यात जास्त वेळ राहतो, आणि कमी जोर लावत असल्यामुळे उष्णताही कमी तयार करतो. मग बारीक अंगकाठीचा, अंगावर चरबी नसलेला धावपटू, जो पुण्या-मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये सगळ्यांच्या हेव्याचा विषय असतो, तोच इथे सगळ्यात आधी काकडतो.

कोल्हापूर, पुणे, मुंबई इथून आयर्नमॅन करणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत खूप वाढली आहे. २०१९ पासून गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची आयर्नमॅन स्पर्धाही होते. पण आपल्या किनाऱ्यावर पाणी २७-२८ अंशांच्या घरात. तिथे वेटसूटचा प्रश्नच येत नाही. किंबहुना इतक्या उबदार पाण्यात वेटसूट घालून जोरात पोहणं धोक्याचं, कारण अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणजे ज्या पोशाखात ३.८ किलोमीटर काढायचे, त्याची सवय घरच्या पाण्यात लावता येत नाही. नव्या वेटसूटचा गळा मानेला आवळतो, छाती दाबल्यासारखी वाटते, खांद्यातून हात फिरवताना रबराशी झटापट होते. हे सगळं पहिल्यांदा फ्योर्डमध्ये अनुभवायचं म्हणजे अंगावरच्या धक्क्याला मनाचाही धक्का जोडून घेणं.

इथे एक दिलासा आहे. कोल्ड शॉक शरीराला शिकवून कमी करता येतो, आणि तेही फार पटकन. दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुबक्या पुरतात. तेवढ्याने श्वासाची धांदल निम्म्यावर येते, असं टिप्टन यांच्या प्रयोगांत दिसलं. हा परिणाम कित्येक महिने टिकतो. गंमत अशी की यात सहनशक्तीचा संबंध थोडाच. त्वचेने कळवलेली थंडी तेवढीच असते, फक्त मेंदू तिच्यावर आरडाओरडा करायचं सोडतो.

तेव्हा आपल्याकडची सोय म्हणजे मोठा टब आणि बर्फाची लादी. इथे शाळेतलं गणित कामाला येतं. २०० लिटर पाणी २७ अंशांवरून १२ वर आणायचं तर ३,००० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. एक किलो बर्फ वितळताना ८० आणि वितळल्यावर १२ अंशांपर्यंत तापताना आणखी १२ किलोकॅलरी शोषतो. म्हणजे सुमारे ३३ किलो बर्फ. हवेने आणि टबाच्या भिंतींनी दिलेली उष्णता धरून ४० किलो घ्यावा. फ्रीजमधल्या ट्रेने हे भागत नाही, मासळीवाल्यांना बर्फ पुरवतो त्याच माणसाकडे जावं लागतं. आणि ही डुबकी एकट्याने, न्हाणीघराचं दार लावून कधीही घेऊ नये. शेजारी कुणीतरी उभं हवंच. श्वास मोजायचे, बाहेर सोडण्यावर लक्ष द्यायचं, तो शांत झाला की मगच चेहरा बुडवायचा.

पण टबातली तालीम फक्त पहिल्या तीन मिनिटांपुरती. पुढच्या तासा-सव्वा तासात हातापायांचं जे होतं त्याची तयारी गार पाण्यात प्रत्यक्ष पोहूनच होते. म्हणून शर्यतीच्या आठवडाभर आधी नॉर्वेत पोचून रोज फ्योर्डमध्ये उतरावं, हे उत्तम. मराठी माणसाला हे जमत नाही असं समजायचं कारण नाही. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुकची सामुद्रधुनी पार करून ‘ओशन्स सेव्हन’ म्हणजे लांब पोहण्याच्या सात सामुद्रधुन्या पूर्ण केल्या, आणि हे करणारे ते पहिले आशियाई ठरले. त्या सातांत आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधली नॉर्थ चॅनेलही येते. तिचं पाणी नॉर्सेमनइतकंच गार, आणि तिथे वेटसूटला परवानगी नाही.

प्रवासाची खटपट वेगळीच. शेंगेन व्हिसा, सायकलचं खोकं, त्यात पेडल काढून, हँडल वळवून, मागचा डिरेल्युअर सोडवून फडक्यात गुंडाळून ठेवलेली सायकल. ट्यूब भरायच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यांसाठी विमान कंपनीला आधी विचारावं लागतं. खाण्याचंही बघावं लागतं: युरोपाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत, तेव्हा आईने प्रेमाने बांधून दिलेले पेढे घरीच ठेवायचे आणि चिक्की, खजूर, शेंगदाणे बॅगेत टाकायचे. बर्गेनला उतरून गाडीने आइडफ्योर्डला जाताना डोंगराच्या पोटात, बोगद्यातच एक गोल चौक लागतो. त्यातून बाहेर पडलं की थेट हार्डांगर पुलावर. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या या झुलत्या पुलाचा मधला गाळा १,३१० मीटरांचा आहे. ज्याने जन्मभर रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी हाकली त्याला तो बोगद्यातला चौक उजवीकडून घेताना घाम फुटतो.

ही गाडी आणि तिचा चालक ऐच्छिक नाहीत. नेहमीच्या आयर्नमॅनमध्ये दर काही किलोमीटरवर पाण्याचे, केळ्यांचे टेबल असतात. इथे आयोजक जवळजवळ काहीच देत नाहीत. प्रत्येक स्पर्धकाने आपला माणूस आणि आपली गाडी आणायची. खाणं, पाणी, कोरडे कपडे, सुटी चाकं सगळं त्या गाडीत. गाडीने सायकलच्या मागेपुढे रेंगाळायचं नाही. पुढे जाऊन सुरक्षित जागा बघून थांबायचं आणि आपला माणूस आला की द्यायचं ते द्यायचं.

या माणसाचं पहिलं खरं काम पाण्याच्या काठावर सुरू होतं. पोहणारा बाहेर येतो तेव्हा ओठ निळे, पाय अडखळते, बोटं आखडून पंजासारखी झालेली. हेल्मेटचा पट्टा दोन बोटांनी दाबून टिचकन बसवायचा, एवढं साधं काम होत नाही. बोटं पट्ट्यावर आहेत हे डोळ्यांना दिसतं, पण बोटांना कळत नाही. म्हणून सोबत्याने पाठीची झिप ओढायची, वेटसूट कमरेखाली सोलून काढायचा, अंग टिपायचं, कोरडा बनियन, जाकीट, पायमोजे, हातमोजे चढवायचे आणि शेवटी तो पट्टा लावून द्यायचा. इथे घाई करणारे फसतात. पाण्याबाहेर आल्यावरही काही वेळ शरीराचं आतलं तापमान उतरतच राहतं. कातडी आणि हातापायांचे गार झालेले स्नायू आतल्या गाभ्याची उष्णता खेचत राहतात. पाच मिनिटं वाचवून ओल्या कपड्यांत सायकलवर बसलेला माणूस वाऱ्यात तासभर कुडकुडतो. हुडहुडी ही स्नायूंची मजुरीच, साठवलेली साखर ती भराभर संपवते. शिवाय गार पाण्यात लघवी जास्त होते, त्यामुळे तहान न लागताही अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात खाणं आणि कोमट काहीतरी पिणं हे वेगापेक्षा महत्त्वाचं.

आणि लगेच चढ. आइडफ्योर्ड समुद्रसपाटीला, आणि सुमारे ३५ किलोमीटरवरचं दिरानुट १,२५० मीटरवर. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला सायकल चालवली असेल त्याला हे लगेच समजेल. अंतर आणि चढ जवळपास तेवढाच, फक्त आधी तासभर फ्योर्डमध्ये काढलेला असतो. रस्त्याच्या एका बाजूला १८२ मीटरांचा व्होरिंगफॉस धबधबा कोसळत असतो. जुन्या रस्त्यावरचे बोगदे अंधारे, म्हणून सायकलला पुढे-मागे दिवे लागतात. चढ एका अर्थी वरदानच, कारण अंग तापतं. वर पोचलं की हार्डांगरविड्डाचं उघडं पठार, झाड नाही की आडोसा नाही, उन्हाळ्यातही पाऊस आणि एक आकडी तापमान. रानटी रेनडिअरचे युरोपातले सगळ्यात मोठे कळप इथे फिरतात.

याच पठारावर दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेच्या चार तरुणांनी १९४२-४३ चा हिवाळा काढला होता. ऑक्टोबरमध्ये ते हवाई छत्रीने उतरले आणि मदतीची तुकडी येईपर्यंत शेवाळ आणि रेनडिअर खाऊन तग धरला. २७-२८ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री योआकिम र्‍योन्नेबर्ग या २३ वर्षांच्या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली र्‍युकानजवळचा व्हेमोर्कचा जड पाण्याचा कारखाना उडवला गेला. जर्मनांच्या अणुसंशोधनाला ते जड पाणी हवं होतं. उरलेला साठा जर्मनीला नेणारी ‘हायड्रो’ ही फेरीबोट २० फेब्रुवारी १९४४ ला टिन सरोवरात बुडवण्यात आली. तिच्यावर साधे प्रवासीही होते. नॉर्सेमनची सायकल संपते ती याच सरोवराच्या टोकाशी, आउस्टबिग्ड गावात, आणि धावण्याचे पहिले २५ किलोमीटर त्याच्याच काठाने आहेत. धावणाऱ्याला त्या वेळी इतिहास कितपत आठवत असेल, देव जाणे.

सायकलचा पुढचा भाग भराभर सांगून टाकतो: यायलो गावापर्यंत बराच उतार आणि सपाटी, मग लागोपाठ चढ, शेवटचा इमिंगफेल. सरोवराकाठचं धावणं सपाट. २५ किलोमीटरनंतर रस्ता एकदम डोंगराला भिडतो. या चढाला ‘झोंबी हिल’ म्हणतात. इथे पुढचे काही जण सोडले तर कुणी धावत नाही. सगळे मान खाली घालून चालतात, नाव उगाच पडलेलं नाही. चढ संपतो तिथे, ३२.५ किलोमीटरवर, निवाडा होतो. पहिल्या साधारण १६० जणांना गाउस्टाटोप्पनच्या माथ्याकडे सोडतात, त्यांना काळा टी-शर्ट. बाकीच्यांनी खालीच उरलेलं अंतर पूर्ण करायचं, त्यांना पांढरा. अंतर दोघांचंही तेवढंच. काळ्याचं इतकं कौतुक का, हे मला अजून पटलेलं नाही. पण तिथे गेलेल्यांना हे सांगून उपयोग नाही.

माथ्याकडे एकट्याने जाता येत नाही. दगडधोंड्यांच्या त्या पायवाटेवर सोबत्याने बरोबर चढायचं, दोघांच्याही पाठीवर पिशव्या, त्यात उबदार कपडे, खाणं, डोक्याला लावायचा दिवा. पिशवी तपासतात. म्हणजे सकाळपासून गाडी चालवून, उन्हापावसात उभं राहून थकलेल्या माणसाला संध्याकाळी सुमारे सातशे मीटरांचा डोंगर चढायचा असतो. विजेते दहा तासांच्या आसपास शर्यत संपवतात, बाकीच्यांना कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून सोबतीला कोण न्यायचं हा या सगळ्या प्रवासातला सगळ्यात मोठा निर्णय. नुसता जीव लावणारा माणूस उपयोगाचा नाही. गारठलेला स्पर्धक ‘मी ठीक आहे’ असंच म्हणतो, कारण थंडीत आधी विवेक जातो आणि तो गेल्याचं कळत नाही. बोलणं जड होतंय का, शंभरातून सात-सात वजा करता येतात का, हे बघून ‘बास, गाडीत बस’ म्हणू शकणारा भाऊ, बहीण किंवा बायको हवी. पुढचे दोन महिने रुसवा सहन करायची तयारी ठेवूनच ते म्हणायचं.

नॉर्सेमनची सोडत लागली नाही तर तिची भावंडं आहेत. स्कॉटलंडमधली ‘सेल्टमॅन’ २०१२ पासून होते: ३.४ किलोमीटर पोहणं, २०२ किलोमीटर सायकल, आणि त्या खाऱ्या सरोवरात गारव्याबरोबर जेलीफिशही. चिलीतल्या ‘पॅटागोनमन’मध्ये डिसेंबरात बोटीवरून फ्योर्डमध्ये उडी मारायची असते. सुरुवात म्हणून सॅन फ्रान्सिस्कोची ‘एस्केप फ्रॉम अल्काट्राझ’ बरी, तिथे पोहणं दीड मैलांचंच आहे, पण खाडीला ओढ जबरदस्त.

गाउस्टाटोप्पनवर पोचलेल्यांना खाली यायला मात्र पायपीट करावी लागत नाही. शीतयुद्धाच्या काळात नॉर्वेच्या लष्करासाठी डोंगराच्या आतून एक रेल्वे काढली होती, ती आता पर्यटकांना नेते-आणते आणि थकलेल्या स्पर्धकांनाही उतरवते. त्यानंतर गरम सूप, झोप आणि दुसऱ्या दिवशी सायकल पुन्हा खोक्यात भरणं. वेटसूट मात्र आदल्या दिवशीच सोबत्याने पिळून, उलटा करून गाडीत पसरून ठेवलेला असला तर बरं. ओला वेटसूट कोरड्याच्या जवळजवळ दुप्पट भरतो, आणि विमानतळावरच्या काट्याला तुमचा टी-शर्ट काळा आहे की पांढरा याच्याशी काही देणंघेणं नसतं.